टेपच्या अलीकडची डिस्क

२७ फेब्रुवारी २०११, रविवार. जीमेल वापरणाऱ्या काही लोकांनी त्या दिवशी खातं उघडलं, तर आत एकही पत्र नव्हतं. वर्षानुवर्षं जमवलेला पत्रव्यवहार, कागदपत्रं, फोटो, सगळं गेलेलं. गूगलने नंतर दिलेल्या आकड्याप्रमाणे असे वापरकर्ते ०.०२ टक्के होते. टक्केवारी किरकोळ दिसते, पण जीमेलचा पसारा लक्षात घेतला तर ही हजारो माणसं होती. त्यांच्या पत्रांच्या प्रती एकाहून अधिक डेटा सेंटरमध्ये ठेवलेल्या होत्या. मात्र साठवणुकीच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या बदलातून एक दोष शिरला आणि त्याने अनेक प्रतींना एकाच वेळी गाठलं. पत्रं परत आली ती टेपवरून. टेप यंत्रापासून सुटी, कपाटात पडलेली असते. सॉफ्टवेअरचा दोष तिथपर्यंत पोहोचू शकत नाही, असा खुलासा गूगलने तेव्हा केला होता.

संगणकाच्या टेपा जुन्या चित्रपटांतच उरल्या, असा समज असणाऱ्यांना हे ऐकून नवल वाटतं. प्रत्यक्षात बँका, वेधशाळा, चित्रपट स्टुडिओ, संशोधन संस्था आजही टेपवर विसंबून आहेत, आणि खंडणीसाठी डेटा कुलूपबंद करणाऱ्या रॅन्समवेअरच्या काळात हे विसंबणं वाढलं आहे. आज सर्वाधिक चालणारी टेप म्हणजे एलटीओ. ह्यूलेट-पॅकार्ड, आयबीएम आणि सीगेट या तीन कंपन्यांनी मिळून ठरवलेल्या या प्रमाणाची पहिली पिढी २००० साली आली. तिच्या एका कार्ट्रिजमध्ये १०० जीबी मावत आणि सेकंदाला २० एमबी लिहिले जात. २०२१ मध्ये आलेल्या नवव्या पिढीत, म्हणजे एलटीओ-९ मध्ये, १८ टीबी मावतात आणि पूर्ण उंचीचा ड्राइव्ह सेकंदाला ४०० एमबी लिहितो. क्षमता १८० पट वाढली, वेग २० पट. म्हणून पहिली टेप दीड तासाच्या आत भरत असे, तर नववी पूर्ण वेगाने चालली तरी भरायला साडेबारा तास घेते. रात्री आठला सुरू केलेलं काम सकाळी कर्मचारी येण्याआधी संपवायचं असेल, तर हा वेग एक मिनिटही खाली येऊन चालत नाही.

आणि इथेच अडचणींना सुरुवात होते. त्या अडचणींचा दोष बहुतेक वेळा टेपला दिला जातो. खरा दोष टेपच्या अलीकडे, तिला डेटा पुरवणाऱ्या डिस्कमध्ये असतो.

टेप मंद असते, ही समजूत आधी बाजूला ठेवायला हवी. शोधायला ती मंद आहे, कारण हवी ती जागा येईपर्यंत फीत गुंडाळत जावं लागतं. सलग लिहायला मात्र ती एकट्या हार्ड डिस्कपेक्षा वेगवान आहे. एलटीओ-९ची फीत १,०३५ मीटर लांब आणि साडेबारा मिलिमीटरहून किंचित रुंद असते, जाडी पाच मायक्रॉनच्या आसपास. तिच्यावर ८,९६० पट्टे असतात आणि ड्राइव्हचं डोकं एका वेळी ३२ पट्टे लिहितं. म्हणजे कार्ट्रिज भरेपर्यंत फीत या टोकापासून त्या टोकापर्यंत २८० वेळा धावते, सेकंदाला साधारण सहा मीटर वेगाने.

एवढ्या वेगाने धावणारी फीत जागच्या जागी थांबू शकत नाही. लिहायला डेटा संपला की ड्राइव्ह ब्रेक लावतो, फीत पुढे सरकून जाते, मग ती मागे घ्यावी लागते, पुन्हा पुढे पळवून वेग पकडावा लागतो आणि जिथे लिहिणं तुटलं होतं ती जागा आली की लेखन सुरू करावं लागतं. यात काही सेकंद जातात. तोवर डेटा थोडा साचतो, ड्राइव्ह तो पटकन लिहून संपवतो आणि पुन्हा थांबतो. मागे, पुढे, मागे, पुढे. जाणकार याला शू-शायनिंग म्हणतात. यात वेळ जातो तो जातोच, शिवाय फीत आणि डोकं दोन्ही घासली जातात. ड्राइव्ह बनवणाऱ्यांनी यावर एक तोडगा काढला: पुरवठा कमी झाला तर ड्राइव्ह आपला वेगही कमी करतो. पण त्याला तळ आहे. पिढी आणि बनावट पाहून कमाल वेगाच्या पाव हिश्शापासून निम्म्यापर्यंत कुठेतरी हा तळ असतो, आणि त्याखाली फीत धड चालत नाही.

आता पुरवठ्याकडे पाहू. ऑफिसातलं साधं गिगाबिट नेटवर्क सगळं सुरळीत असताना सेकंदाला ११० एमबीच्या आसपास देतं. बॅकअप घ्यायच्या सर्व्हरवर लाखो बारक्या फायली असतील, तर एकेक उघडून वाचण्यातच वेळ जातो आणि हा आकडा २० वरही येतो. ४०० मागणाऱ्या ड्राइव्हला हे पुरणार कसं?

साखर कारखान्याच्या परिसरात वाढलेल्यांना याचं उत्तर सांगावं लागत नाही. गव्हाणीत ऊस सलग पडला पाहिजे, मध्येच खंड पडला तर गाळप थांबतं आणि पुन्हा सुरू करायला किंमत मोजावी लागते. शेतातून येणाऱ्या गाड्या मात्र कधी ओळीने येतात, कधी तासभर एकही नाही. म्हणून कारखाना गाड्या आधी यार्डात उभ्या करून घेतो आणि तिथून गव्हाणीला एकसारखा ऊस सोडतो. बॅकअपच्या व्यवस्थेत हे यार्ड म्हणजे स्पूल: एक वेगवान डिस्क, जिच्यावर नेटवर्कवरून येईल तसा डेटा आधी साठतो आणि पुरेसा साठला की एका दमात टेपवर जातो.

ही युक्ती बरीच जुनी आहे. १९५९ साली आयबीएमने १४०१ हा छोटा संगणक जाहीर केला, तेव्हा त्याच्याकडे अनेक ठिकाणी हेच काम होतं. भोक पाडलेली कार्डं तो सावकाश वाचून टेपवर उतरवी आणि ती टेप मग ७०९० सारख्या मोठ्या, महागड्या संगणकाला लावली जाई, म्हणजे मोठ्या यंत्राचा वेळ कार्डं वाचण्यात जाऊ नये. त्या काळी मंद कार्डं आणि वेगवान संगणक यांच्यामध्ये टेप उभी होती. आज मंद नेटवर्क आणि वेगवान टेप यांच्यामध्ये डिस्क उभी आहे.

लिनक्सवर टेप बॅकअपसाठी जी मुक्त सॉफ्टवेअर वापरली जातात त्यांत बॅक्युला हे मोठं नाव. कर्न सिबाल्ड यांनी २००० साली ते लिहायला घेतलं आणि २००२ मध्ये सर्वांसाठी खुलं केलं. पुढे त्याच्यातूनच बॅरिऑस हा वेगळा प्रकल्प निघाला. दोन्हींची रचना सारखीच आहे. डिरेक्टर नावाचा कार्यक्रम कोणाचा बॅकअप कधी घ्यायचा ते ठरवतो. प्रत्येक सर्व्हरवर एक फाइल डेमन असतो, तो फायली वाचून पाठवतो. टेपपाशी स्टोरेज डेमन असतो, तो लिहितो. कुठली फाइल कुठल्या टेपवर गेली याची नोंद डेटाबेसमध्ये, म्हणजे कॅटलॉगमध्ये राहते. स्पूलची डिस्क स्टोरेज डेमनच्या ताब्यात असते. जॉबच्या, म्हणजे बॅकअपच्या एकेका कामाच्या, व्याख्येत 'स्पूल डेटा' चालू करायचं, ड्राइव्हच्या व्याख्येत स्पूलची डिरेक्टरी आणि 'मॅक्सिमम स्पूल साइज' ही कमाल मर्यादा द्यायची. दोन-तीन ओळींचं काम.

या दोन-तीन ओळी लिहून झाल्यावर पहिली तक्रार ठरलेली असते: स्पूल चालू केल्यापासून बॅकअपला जास्त वेळ लागतो. तक्रार खरी असते आणि बिघाड कुठेच नसतो. बॅक्युलात एका जॉबचं साठवणं आणि टेपवर सोडणं, म्हणजे डिस्पूल, एकाच वेळी होत नाही. मर्यादा गाठली की तो जॉब नेटवर्कवरून घेणं थांबवतो, साठलेलं टेपवर लिहितो आणि मग पुन्हा घ्यायला लागतो. १ टीबीचा जॉब धरा. नेटवर्कवरून सेकंदाला १०० एमबी येतात, टेपवर ३०० जातात. यायला १०,००० सेकंद, जायला ३,३०० हून थोडे जास्त. एकूण तीन तास बेचाळीस मिनिटं. लॉगच्या शेवटी सरासरी वेग दिसतो ७५ एमबी, आणि नवख्या अ‍ॅडमिनला वाटतं की ड्राइव्ह बिघडला.

उपाय जॉबच्या संख्येत आहे. दोन-तीन जॉब एकत्र चालवले की एक टेपवर सोडत असताना बाकीचे आपापल्या स्पूल फायलीत साठवत राहतात. एकच प्रचंड जॉब असेल तर त्याच्या डिरेक्टऱ्या वाटून दोन-तीन जॉब करायचे. त्यासाठी एकाच वेळी किती जॉब चालू द्यायचे ही मर्यादा डिरेक्टर, फाइल डेमन आणि स्टोरेज डेमन अशा प्रत्येक ठिकाणी वाढवावी लागते. एका जागी १ राहून गेला की बाकीचे सगळे रांगेत उभे राहतात, आणि नेमकी कुठली जागा राहिली ते शोधण्यात सकाळ जाते.

खरोखर काही बिघडलं असेल तेव्हा मात्र लॉगमधला एकूण वेग उपयोगाचा नाही, कारण त्यात नेटवर्क, डिस्क आणि टेप तिन्हींचा वेळ मिसळलेला असतो. त्याच लॉगमध्ये थोडी वर एक वेगळी ओळ असते. डिस्पूलला किती वेळ लागला आणि तेवढ्यापुरता वेग किती होता, हे ती सांगते. अनुभवी माणूस आधी तीच ओळ शोधतो. समजा एलटीओ-८च्या ड्राइव्हवर तिथे सेकंदाला ६० एमबी दिसतात. ड्राइव्हचा कमाल वेग ३०० ते ३६०. म्हणजे नेटवर्क या प्रकरणातून सुटलं, कारण डिस्पूल चालू असताना हा डेटा नेटवर्कवरून येतच नाही. उरले दोघं: डिस्क आणि टेप.

त्या दोघांना वेगळं करण्यासाठी बॅक्युलासोबत बी-टेप नावाचं साधन येतं. त्यातली वेगाची चाचणी डिस्कला मध्ये न घेता थेट टेपवर लिहिते, एकदा नुसती शून्यं आणि एकदा विस्कळीत डेटा. दोन्ही करणं आवश्यक आहे. ड्राइव्ह स्वतःच डेटा दाबून लहान करतो. शून्यांची रास दाबून जवळजवळ नाहीशी होते, त्यामुळे शून्यांवर मोजलेला वेग अवाच्या सवा येतो आणि त्यावर भरवसा ठेवता येत नाही. विस्कळीत डेटा दाबला जात नाही, म्हणून त्याचा आकडा खरा. ही चाचणी टेपवर जे असेल त्यावर लिहिते; तिच्यासाठी कोरीच टेप घ्यायची, जुना बॅकअप असलेली कधीच नाही.

बी-टेप ३०० दाखवतो आणि डिस्पूल ६०, तर टेप निर्दोष. दोष डिस्कचा. आणि तो बहुधा असा असतो: स्पूलसाठी एक साधी फिरती हार्ड डिस्क दिलेली असते, कारण जागा स्वस्तात मिळते. सलग वाचताना ती सेकंदाला १५० ते २५० एमबी देते, म्हणजे मुळातच ड्राइव्हला अपुरी. त्यात एक जॉब तिच्यावरून वाचून टेपवर सोडतोय आणि त्याच वेळी तीन जॉब तिच्यावर लिहिताहेत. डिस्कचं डोकं चार जागांमध्ये उड्या मारत राहतं आणि वेग कोसळतो. एकत्र जॉब चालवण्याचा मघाचा उपाय इथे उलटा पडतो. लिनक्सवरचं आयओस्टॅट हे साधन दर सेकंदाला डिस्कचे आकडे दाखवत ठेवलं तर हे डोळ्यांसमोर दिसतं: डिस्क पूर्ण वेळ व्यस्त, प्रत्येक मागणीला वाट पाहावी लागतेय आणि हाती पडणारा वेग मात्र तुटपुंजा.

एसएसडी लावली की हा प्रश्न सुटतो, पण एसएसडीचीही पारख करावी लागते. स्वस्त एसएसडी सुरुवातीचे काही जीबी झपाट्याने लिहितात, कारण आतला छोटा वेगवान भाग ते झेलतो. तो भरला की वेग हार्ड डिस्कच्याही खाली येऊ शकतो. दुकानातल्या खोक्यावर पहिला वेग छापलेला असतो, आणि रात्रभर चालणाऱ्या बॅकअपला तर दुसऱ्याशीच गाठ पडते. दुसरी गोष्ट आयुष्याची. घरगुती वापराच्या १ टीबीच्या अनेक एसएसडींची लेखनाची हमी ६०० टीबीपर्यंत असते. घरच्या संगणकाला ती वर्षानुवर्षं पुरते. रोज रात्री २ टीबी जिच्यावरून जातात त्या स्पूलला ती ३०० रात्री पुरते. स्मार्टसीटीएल या साधनाने डिस्कची झीज अधूनमधून पाहणं हा इथे रोजच्या कामाचा भाग आहे. म्हणून सर्व्हरसाठी बनवलेली, जास्त लेखनाची हमी देणारी एसएसडी घ्यावी. दोन डिस्क असतील तर डेटा दोन्हींवर वाटून लिहिणारी रेड-० जोडणी करायलाही हरकत नाही. एरवी कायमच्या डेटासाठी कोणी शहाणा माणूस रेड-० सुचवणार नाही, कारण एक डिस्क गेली की सगळं गेलं. स्पूलवर मात्र कायमचं काहीच नसतं. डिस्क गेली तर त्या रात्रीचे चालू जॉब जातात आणि ते पुन्हा चालवता येतात, कारण मूळ डेटा आपल्या सर्व्हरवर जागेवर असतो.

उलट बी-टेपही ६० दाखवत असेल, तर टेपच्या बाजूची तपासणी सुरू होते. डोकं मळलेलं असू शकतं. ड्राइव्ह स्वतः सफाईची कार्ट्रिज मागतो आणि ती सूचना टेप-अलर्टच्या नोंदींत सापडते. जोडणीची केबल सैल असू शकते. पण पुष्कळदा कारण साधं असतं: बॅक्युला मुळात टेपवर ६४,५१२ बाइटचे ठोकळे लिहितो. हा आकार जुन्या काळच्या ड्राइव्हना शोभणारा होता, आजच्या ड्राइव्हला तो बारीक पडतो. तसंच दर १ जीबीनंतर तो टेपवर फाइल संपल्याची खूण करतो आणि त्या खुणेपाशी ड्राइव्हला हातातलं सगळं लिहून संपवावं लागतं. सेकंदाला ३०० एमबी लिहिणाऱ्या ड्राइव्हच्या वाटेत दर तीन-चार सेकंदांनी ही अडवणूक येते. ठोकळा २५६ किंवा ५१२ केबीचा आणि खुणांमधलं अंतर १० जीबीच्या घरात नेलं की फरक लगेच कळतो. ठोकळ्याचा आकार बदलताना मात्र घाई नको. जुन्या आकाराने लिहिलेल्या टेपा नव्या मांडणीत वाचता येतात की नाही, हे एखादी जुनी टेप प्रत्यक्ष रीस्टोअर करून पाहिल्यावरच पुढे जावं.

वेगाच्या तक्रारी चिवट असतात, पण त्यांत नुकसान वेळेचं असतं. जॉब मध्येच मरणं हा जास्त गंभीर प्रकार, आणि त्याचं मूळ बहुतेकदा डिस्क भरण्यात सापडतं.

बॅक्युलाची आणि स्पूलची गंमत अशी की डेटाने डिस्क भरली तर तो ते ओळखतो, साठलेलं टेपवर सोडतो आणि पुढे चालू लागतो. पण डेटाबरोबर आणखी एक गोष्ट साठत असते: फायलींची नावं, तारखा, मालक, परवानग्या अशी माहिती, म्हणजे अ‍ॅट्रिब्यूट्स. डेटाचं स्पूलिंग चालू केलं की यांचंही आपोआप चालू होतं. आणि यांना जागा कमी पडली तर जॉब थेट रद्द होतो. डेमनची स्वतःची कामाची डिरेक्टरी त्याच विभागावर असेल तर जॉब इतक्या चमत्कारिक रीतीने मरतात की डिस्क भरली होती हे कोणाच्या लक्षातच येत नाही, कारण कोणी पाहायला जाईपर्यंत स्पूलच्या फायली पुसल्या जाऊन जागा मोकळी झालेली असते. स्पूलला स्वतंत्र डिस्क, निदान स्वतंत्र विभाग, हा नियम याच्यासाठी आहे. कमाल मर्यादा दिली नसेल तर ती आजच द्यावी. मर्यादा ठरवताना हेही लक्षात ठेवायचं की ती एका ड्राइव्हपुरती असते. दोन ड्राइव्हना प्रत्येकी ८०० जीबी दिले आणि दोघांची स्पूल १ टीबीच्या एकाच डिस्कवर ठेवली, तर दोन्ही ड्राइव्ह पहिल्यांदा एकत्र चालतील त्या रात्री ती डिस्क भरेल.

आणखी एक बिघाड मोठ्या जागी हमखास घडतो. सर्व्हर रीस्टार्ट होतो. स्पूलची डिस्क काही कारणाने माउंट होत नाही. तिची डिरेक्टरी मात्र रिकामी का होईना, जागेवर असते, त्यामुळे बॅक्युलाला काहीच खटकत नाही. तो निमूटपणे तिथे लिहीत राहतो, आणि ते लेखन आता मूळ सिस्टिमच्या छोट्या विभागावर होत असतं. तासाभरात तो विभाग भरतो आणि बॅकअपच नव्हे, अख्खा सर्व्हर आचके देऊ लागतो. डीएफ या साध्या आज्ञेने स्पूलची डिरेक्टरी कुठल्या डिस्कवर आहे ते पाहिलं तर अर्ध्या मिनिटात उलगडा होतो. कायमचा बंदोबस्तही सोपा आहे: ती डिस्क माउंट झाल्याशिवाय स्टोरेज डेमन सुरूच होऊ नये, अशी अट लिनक्सवर सेवा सुरू करणाऱ्या सिस्टिमडीमध्ये घालून ठेवायची.

याच्या उलट चित्रही दिसतं. डीएफ म्हणतं डिस्क भरली आहे, पण डिरेक्टरीत पाहावं तर फायली नाहीत. लिनक्समध्ये फाइल पुसली तरी एखाद्या कार्यक्रमाने ती उघडी धरली असेल तर जागा सुटत नाही. कोणीतरी घाईत चालू जॉबची स्पूल फाइल हाताने पुसलेली असते आणि डेमन अजून ती धरून बसलेला असतो. एलएसओएफ हे साधन अशा पुसलेल्या पण उघड्या फायली दाखवतं. मागे राहिलेल्या स्पूल फायली पुसायला हरकत नाही. वीज गेली किंवा डेमन कोसळला तर त्या डिस्कवर तशाच पडून राहतात आणि त्या काढाव्याच लागतात. मात्र एकही जॉब चालू नाही याची खात्री करूनच हात लावायचा.

सर्वांत विलक्षण चूक म्हणजे बॅकअपच्या यंत्राने स्वतःचाच बॅकअप घेताना स्पूलची डिरेक्टरी वगळायची राहणं. बॅक्युला स्पूल फाइल वाचतो आणि वाचलेलं त्याच स्पूलमध्ये लिहितो. फाइल मोठी होते, म्हणून आणखी वाचायला मिळतं, म्हणून आणखी लिहिलं जातं. बॅक्युलाच्या मार्गदर्शिकेतच याचा इशारा दिलेला आहे. लॉगमध्ये ४० जीबीच्या यंत्राचा बॅकअप टीबीत गेलेला दिसला तर आधी हेच तपासावं.

कधी कधी तर काहीच बिघडलेलं नसतं आणि तरी माणूस घाबरून जॉब रद्द करतो. डेटा टेपवर गेला, ड्राइव्ह शांत झाला, पण जॉब संपत नाही. तास झाला, दोन तास झाले. लॉगमधली शेवटची ओळ सांगत असते की अ‍ॅट्रिब्यूट्स डिरेक्टरकडे पाठवले जात आहेत. लाखो फायलींच्या नोंदी डेटाबेसमध्ये घातल्या जात असतात आणि डेटाबेस मंद असतो. इथे जॉब मारला तर टेपवरचा डेटा शाबूत राहूनही कॅटलॉगमध्ये त्याची पूर्ण नोंद होत नाही आणि रात्रभराचं काम फुकट जातं. उपचार टेपचा नाही, डेटाबेसचा करायचा. एलटीओ-९च्या कोऱ्या कार्ट्रिजचंही असंच आहे. ती पहिल्यांदा ड्राइव्हमध्ये गेली की ड्राइव्ह तिची जुळणी करून घेतो, आणि त्याला कधी कधी दोन तासही लागतात. ड्राइव्ह अडकला म्हणून तो बंद-चालू करणाऱ्यांना ही जुळणी पुन्हा सुरुवातीपासून पाहावी लागते. नव्या टेपा दिवसाढवळ्या एकदा ड्राइव्हमधून फिरवून घेतल्या तर रात्रीच्या कामात हा खोळंबा उरत नाही.

टेपला डेटा पुरवण्याचा प्रश्न अमांडा या दुसऱ्या जुन्या सॉफ्टवेअरने वेगळ्या तऱ्हेने सोडवला. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ते जन्मलं. त्यात स्पूलच्या डिस्कला होल्डिंग डिस्क म्हणतात आणि तिला बॅक्युलाहून मोठा अधिकार आहे. बॅक्युलाला साठवायला सुरुवात करण्याआधी टेप ड्राइव्हमध्ये चढवलेली लागते. अमांडाला लागत नाही. टेप घालायची राहून गेली, चुकीची टेप घातली, ड्राइव्ह बिघडला, तरी अमांडा बॅकअप होल्डिंग डिस्कवर घेऊन ठेवतो आणि सकाळी योग्य टेप घालून एएमफ्लश ही आज्ञा दिली की तो टेपवर उतरतो. यातही एक खाच आहे. टेप नसलेल्या रात्री होल्डिंग डिस्कची किती टक्के जागा फक्त बदललेल्या फायलींच्या छोट्या बॅकअपसाठी राखायची, हे 'रिझर्व्ह' नावाच्या आकड्यावर ठरतं आणि तो मुळात १०० असतो. म्हणजे संपूर्ण बॅकअपला जागाच नाही. डिस्क अर्धी रिकामी असताना अमांडा संपूर्ण बॅकअप का टाळतो, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी हा आकडा खाली आणावा.

या सगळ्या चर्चेत रीस्टोअरचा विषय मागे पडतो, जरी बॅकअप घ्यायचा तो त्यासाठीच. स्पूलचा आकार तिथेही आपलं अस्तित्व दाखवतो. स्पूल नसताना चार जॉब एकत्र चालले, तर त्यांचे ठोकळे टेपवर एकमेकांत मिसळून पडतात, एक याचा, एक त्याचा. महिन्यांनी त्यातला एकच सर्व्हर परत उभा करायचा तर ड्राइव्हला बाकी तिघांच्या ठोकळ्यांवरून जात राहावं लागतं. स्पूल असेल तर प्रत्येक जॉबचा डेटा सलग, मोठ्या तुकड्यांत पडतो. १०० जीबीच्या स्पूलने पडलेला तुकडा ५ जीबीच्या स्पूलपेक्षा वीस पट लांब, आणि टेपला सलग वाचणंच सर्वांत चांगलं जमतं. स्पूलची मर्यादा ठरवताना बहुतेक लोक फक्त डिस्कवर किती जागा आहे ते पाहतात. ज्या सर्व्हरला घाईत परत उभं करावं लागेल, त्याचा संपूर्ण बॅकअप दोन-चार तुकड्यांत मावावा, हा हिशेब आधी करायला हवा.

टेपच्या अलीकडच्या डिस्कच्या प्रश्नाची प्रचंड आवृत्ती जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत पाहायला मिळते. तिथल्या प्रयोगांचा डेटा जपला जातो तो टेपवर. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सर्नच्या सीएमएस या प्रयोगाचं टियर-२, म्हणजे दुसऱ्या फळीचं, केंद्र आहे, तिथे विश्लेषणासाठीचा डेटा डिस्कवर असतो. टेपचा भार सर्न आणि टियर-१ केंद्रं वाहतात. सर्नची जुनी कॅस्टर ही व्यवस्था बाजूला सारून २०२० पासून सीटीए ही नवी, लिनक्सवर चालणारी टेप व्यवस्था कामाला लागली. तिच्यापुढे ईओएस ही डिस्कव्यवस्था उभी असते. कॅस्टरच्या काळात टेपपुढच्या डिस्कवर डेटा रेंगाळत असे, संशोधक तिथूनच तो वाचत. सीटीएच्या आखणीत बहुतेक प्रयोगांसाठी ही डिस्क मुद्दाम लहान ठेवली आहे, पण ती एसएसडीची, कारण एकाच वेळी घेणं आणि देणं तिला झेपायला हवं. फाइल टेपवर सुखरूप उतरली की ती या डिस्कवरून लगेच काढून टाकली जाते आणि जागा पुढच्या फाइलसाठी मोकळी होते.